पावणेदोन ते साडेतीन

शब्बीरने चष्मा कपाळावर सरकवला, की-बोर्ड जवळ ओढला आणि विचारलं, "आता सांगा, तुमचं वाकडं कोणाशी आहे?"

समोरच्या प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसलेले नवरा-बायको एकमेकांकडे पाहू लागले.

"वाकडं म्हणजे?" विश्वजीत म्हणाला.

"दुश्मन हो. ज्याला तुमचं बरं बघवत नाही असा कुणीतरी. बिल्डिंगमधला, ड्यूटीवरचा, गावाकडचा. आठवून बघा."

"गावाकडचा इथं कायले फोन करन, शब्बीरभाई?"

"तसं नव्हे. अर्जात एक दुश्मन लागतो."

आखातातल्या मनामा शहरात, जुन्या बाजारामागच्या गल्लीत शब्बीर एकतीस वर्षं अरबी अर्ज टाइप करत होता. दाभोळहून आला तेव्हा त्याला मदरशातलं अरबी येत होतं, ते इथल्या कचेऱ्यांत घासून घासून त्याने असं काही गुळगुळीत केलं होतं, की खुद्द अरबांनी त्याच्याकडून अर्ज लिहून न्यावेत. त्याच्या अर्जाची घडण ठरलेली होती. पहिल्या पॅऱ्यात साहेबांना दीर्घायुष्य चिंतायचं. दुसऱ्यात, अर्जदारासारखा सज्जन माणूस या बेटावर दुसरा सापडणार नाही, हे सांगायचं. आणि तिसऱ्यात, कुणीतरी द्वेषापोटी खोटंनाटं कळवल्यामुळे हा गैरसमज झाला आहे, असं म्हणून सगळा दोष एका बिननावाच्या माणसाच्या गळ्यात बांधायचा. यात साहेबाची चूक निघत नाही, अर्जदाराचीही निघत नाही आणि दोघांना हसतमुखाने मागे फिरायला जागा राहते. या तिसऱ्या पॅऱ्याचा शब्बीरला फार अभिमान होता.

"नाव नको," तो समजावत म्हणाला. "नुसतं 'कुणीतरी'. बालसंरक्षण केंद्राला फोन कुणी केला हे ते तसंही सांगणार नाहीत."

"पण फोन खोटा नव्हता ना," श्रावस्ती पहिल्यांदाच बोलली. तिच्या गळ्यात अजून क्लिनिकचं ओळखपत्र होतं. "तो एकटाच होता घरी. ते तं खरंच हाय."

विश्वजीतने मान खाली घातली.

दोघं शहराच्या झिंज भागात शब्बीरच्याच इमारतीत, बरोबर वरच्या मजल्यावर राहत होते. लिफ्टमध्ये भेटले तर सलाम, जय भीम, आज काय उकडतंय, यापलीकडे ओळख नव्हती. विश्वजीत मोठ्या एसी प्लांटवर टेक्निशियन होता, त्याची शिफ्ट अडीचला लागे. श्रावस्ती क्लिनिकच्या रिसेप्शनवर. ती साडेतीनला घरी पोचे. पाच वर्षांच्या विनीतला शाळेची बस साडेबाराला सोडी, बाप त्याला खाऊ घाली, कार्टून लावून देई आणि पावणेदोनला दार बाहेरून लॉक करून निघे. आधी एक केरळची आंटी येत असे. फेब्रुवारीत ती कायमची गावी गेली. दुसरी मिळेपर्यंत चार दिवस असंच काढू, असं दोघांनी ठरवलं. चार दिवसांचे तीन महिने कधी झाले, ते त्यांचं त्यांनाच कळलं नाही.

मग एका मंगळवारी श्रावस्ती घरी पोचली तेव्हा दार उघडं होतं आणि आत गणवेशातली माणसं होती. विनीत बाथरूमच्या फरशीवर, पायपुसण्यावर झोपलेला सापडला होता. अंगात ताप होता. त्याला आधी इस्पितळात आणि तिथून बालगृहात नेलं. त्या गोष्टीला आज बारा दिवस झाले होते. आठवड्यातून दोनदा, संध्याकाळी, अर्धा तास, एका बाईच्या नजरेसमोर त्यांना पोराला भेटता येत होतं.

"एकटं ठेवल्याबद्दल त्यांनी रागावलं, दंड केला, सही घेतली, सगळं मान्य हाय आमाले," विश्वजीत म्हणाला. "दहा दिवसांत सोडतो म्हणाले होते. आता हे पहा."

त्याने पुढे केलेला कागद शब्बीरने परत एकदा वाचला. मुक्काम तीन महिन्यांनी वाढवण्यात येत आहे. कारण: मूल रोज दुपारी ठरावीक वेळी, सुमारे पावणेदोनला, न सांगता बाथरूममध्ये जातं, आतून दार लावून घेतं आणि दीड-दोन तास बाहेर येत नाही. कारण विचारलं असता गप्प राहतं. मूळ घटनेच्या वेळीही ते बाथरूममध्येच आढळलं होतं. घरी त्याला शिक्षा म्हणून बाथरूममध्ये कोंडण्यात येत असावं, असा रास्त संशय आहे.

"कोंडत होतात का त्याला कधी?" शब्बीरने विचारलं. विचारणं त्याचं कामच होतं.

"माय शपथ, नाही," श्रावस्ती म्हणाली. "एक चापट नाही मारली त्याले आजवर. तो तिथं काय करते, मलेच समजत नाही. मी विचारलं तं म्हणते, नथिंग मम्मा." तिने ओळखपत्राची पट्टी बोटाभोवती गुंडाळली. "मले तं रात्रंदिवस हेच दिसते. आपल्या हातून असं काय झालं, का पोरगं तिथं जाऊन बसते?"

शब्बीरने चष्मा खाली ओढला आणि तिसरा पॅरा लिहायला घेतला. फोन करणारा खोटारडा आहे, त्याचा या कुटुंबावर जुना राग आहे, बाथरूमची गोष्ट त्यानेच केंद्राच्या डोक्यात भरवली आहे. अरबीत ते भारदस्त दिसत होतं. उद्या सकाळी सही करायला या, असं सांगून त्याने दोघांना निरोप दिला.

घरी पोचायला त्याला साडेचार वाजले. त्याच्या बायकोने, शमाने, दार उघडलं आणि काही न बोलता आत जाऊन चहा टाकला. गेले बारा-पंधरा दिवस ती अशीच होती. जेवायला बसली की दोन घास चिवडून उठायची. गुडघे दुखत असतील, नाहीतर साखर वाढली असेल, असं म्हणून शब्बीरने विषय सोडून दिला होता. मुलगा जुनैद कॅनडात आणि मुलगी मेहरीन मुंब्र्याला सासरी गेल्यापासून घरात दोनच माणसं. त्यांतलं एक दिवसभर बाहेर, मग दुसऱ्याने कुणाशी काय बोलावं?

"वरच्या पोराचं बघ काय होऊन बसलाय," तो बशीत चहा ओतत म्हणाला. "आईबाप आज माझ्याकडं आले होते."

शमाचा हात साखरेच्या डब्यावर थांबला.

"कधी सोडतायत त्याला?"

"सोडतायत कुठचे! तीन महिने वाढवलेन." आणि मग धंद्याची गोष्ट सांगावी तशी त्याने ती हकिगत सांगितली. पोर रोज पावणेदोनला बाथरूममध्ये जाऊन बसतं, कुणी कितीही विचारलं तरी सांगत नाही, आणि केंद्राला वाटतंय की घरी त्याला कोंडत असणार. "मी असा खणखणीत पॅरा घातलाय, बघच. फोन करणारा जो कोण हाय, त्याला पुरता झोपवलाय."

शमा खाली बसली. गुडघ्यांमुळे ती कधी अशी धपकन बसत नसे.

"काय झाला गो?"

"त्याला कोणी कोंडला नाय," ती म्हणाली. "तो माझी वाट बघतोय."

शब्बीरला वाटलं, हिची साखर खरंच वाढली.

तिने त्याला हाताला धरून उठवलं आणि बाथरूममध्ये नेलं. बादलीच्या वरच्या अंगाला हातभर लांबीची, जाळीची खिडकी होती. ती इमारतीच्या आतल्या डक्टमध्ये उघडायची. पाइप वरून खाली जायला ठेवलेली ती अंधारी बोळकांडी. त्यातूनच सगळ्या मजल्यांच्या बाथरूमचा वारा खेळे. एकतीस वर्षांत शब्बीरने त्या खिडकीकडे मान वर करून पाहिलं नव्हतं.

"हितून," शमा म्हणाली.

फेब्रुवारीत एका दुपारी ती कपडे भिजवत असताना वरून कुणीतरी मुसमुसल्याचा आवाज आला. तिने विचारलं, कोण रे? मुसमुसणं थांबलं. जरा वेळाने वरून प्रश्न आला, आर यू इन द पाइप? तिला इंग्रजी येत नव्हतं, पण पाइप कळला. ती म्हणाली, हो बाबा, पाइपातच हाय. झालं. दुसऱ्या दिवशी पावणेदोनला दार लॉक झाल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ वरून हाक आली, पाइप आंटी! तो इंग्रजीत बोले, ती दाभोळच्या बोलीत. त्याला तिचं सगळं कळे, तिला त्याचं निम्मं. उरलेलं निम्मं ती आवाजावरून ओळखी. त्याला हॉलमधल्या फ्रिजच्या घरघरीची भीती वाटायची आणि बाथरूममध्ये ती ऐकू येत नसे. पाइपात खायला काय मिळत असणार, म्हणून तो जाळीतून तिच्यासाठी बिस्किटं टाकायचा. ती खाली तळमजल्यावर जाऊन पडत. साडेतीनला वर किल्ली फिरली की तो घाईघाईने बाय म्हणे आणि पळे.

"रोज?" शब्बीरने विचारलं.

"जुम्मा नि शनवार सोडून. तेव्हा त्याचे आईबाप घरी असतात ना."

"आणि त्या मंगळवारी?"

"त्या मंगळवारी हाकच आली नाय." शमा टबाच्या कडेला टेकली. "मी हाका मारल्या. कितीतरी. वर नळ चालू होता नुसता. मग जिना चढून वर गेले, बेल वाजवली, दार बडवला. वॉचमन जेवायला गेलेला. त्यांचा नंबर आपल्याकडं नाय. दवाखान्यात भिंतीवर तो मुलांच्या मदतीचा नंबर लावलाय ना, तो मी लिहून घेतला होता एकदा. लावला. फोन मीच केला."

शब्बीरच्या खणखणीत अरबीतला तो खोटारडा, जुना राग धरणारा दुश्मन त्याच्यासमोर टबावर बसून ओढणीने डोळे पुसत होता.

"मला का नाय सांगितलास?"

"तुमाला सांगितला असता, तर तुमी अर्ज लिवायला बसला असताव."

"आणि त्यांना? त्याच्या आईला तरी?"

शमा खिडकीकडे बघत म्हणाली, "रोज ठरवायची, आज सांगते. पण सांगितला असता तर त्यांनी दुसऱ्या दिवशी बाई ठेवली असती. मग तो खिडकीत कशाला आला असता?"

हे ऐकून शब्बीरला तिचा राग यायला हवा होता. पण तो आला स्वतःचा. तीन महिने बायको रोज दोन तास कुणाशी तरी जीव लावून बोलत होती आणि त्याला त्याचा पत्ताही नव्हता. त्याने तिच्या खांद्यावर हात ठेवला. तसं करायची त्याला सवय राहिली नव्हती, त्यामुळे हात जरा जडच पडला.

"ऊठ," तो म्हणाला. "वर जायला हवा."

वर जाताना शमाने लिफ्टमध्ये डोक्यावरची ओढणी तीनदा सारखी केली.

श्रावस्तीने दार उघडलं. विश्वजीत त्या दिवशी रजेवर होता. हॉलमध्ये भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर, तिच्याखाली पोराने क्रेयॉनने काढलेल्या बसगाड्या ओळीने चिकटवलेल्या. फ्रिज खरंच फार घरघरत होता. शब्बीरने घसा साफ करून सुरुवात करायचा प्रयत्न केला, पण शमाने त्याला हातानेच थांबवलं आणि उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. खिडकी, पाइप, हाका, नळ, फोन. काही लपवलं नाही, स्वतःच्या बाजूने काही सजवलंही नाही.

विश्वजीत उठून थेट बाथरूममध्ये गेला. जाळीवर हात फिरवल्याचा आवाज बाहेर ऐकू आला.

श्रावस्ती मात्र जागची हलली नाही. तिचा चेहरा लाल झाला होता.

"तुमी खालीच होत्या," ती म्हणाली. "तीन महिने. एक जिना चढून आल्या असत्या तं? एकदा मले सांगितलं असतं तं? मी तुमाले सोडून कोनाकडे ठेवलं असतं त्याले? त्याच्याऐवजी तुमी पोलिसाले फोन केला!"

"फोनाचा मला पस्तावा नाय," शमा हळू आवाजात म्हणाली. "पोर तापानं भाजत होता नि दाराला लॉक होता. परत तशी वेळ आली तर परत करीन. पस्तावा त्याच्या आधीच्या तीन महिन्यांचा हाय. ते मी माझ्यासाठी गप्प राहिले. त्याची माफी मागायला आलेय."

शब्बीरने आजवर शेकडो माफीनामे टाइप केले होते. इतका आखूड एकही नव्हता.

श्रावस्ती खुर्चीत बसली. रडली, मोकळेपणाने, शेजाऱ्यांसमोर लाज न बाळगता. शमा तिच्याजवळ जायला धजत नव्हती. शब्बीर दारापाशीच घुटमळत राहिला. शेवटी श्रावस्तीने नाक पुसलं आणि वर न बघता विचारलं,

"काय बोले तो तुमच्यासंग?"

शमा तिच्या शेजारी टेकली. मग त्या दोघी बोलत बसल्या. म्हणजे शमा सांगत होती आणि श्रावस्ती ऐकत होती, मध्येच रडत, मध्येच हसत. वर्गातल्या फहादने त्याचं खोडरबर चावलं होतं. बस चालवणारे अंकल गाणं म्हणतात. समोरचा दात हलतोय, पण तो मम्माला दाखवायचा नाही, कारण मम्मा त्याला हात लावेल. आईला आपल्या पोराच्या तीन महिन्यांच्या दुपारी एका परक्या बाईकडून अशा गोळा करून घ्याव्या लागत होत्या. शब्बीरला ते बघवेना. तो बाथरूमपाशी गेला आणि विश्वजीतला म्हणाला, "त्या अर्जावर सही नको. आज रात्रीच नव्याने लिहितो."

तो अर्ज लिहायला त्याला तीन तास लागले. पहिला पॅरा चार ओळींचा झाला. दुसऱ्यात त्याने सरळ लिहिलं की मुलाला एकटं ठेवणं चूक होतं आणि आईबापांना ते मान्य आहे. यापुढे पावणेदोन ते साडेतीन मूल खालच्या मजल्यावर शमाच्या घरी राहील, त्याखाली तिची सही. तिसऱ्या पॅऱ्यात त्याने फोन करणाऱ्या बाईचं नाव घातलं, नातं घातलं आणि घडलं ते जसंच्या तसं घातलं. वाचून बघितल्यावर त्याला हा अर्ज दुसऱ्याच कुणीतरी लिहिल्यासारखा वाटला.

केंद्रातल्या तक्रारींच्या टेबलावर ताहेरा नावाची अधिकारी होती. चाळिशीची, अंगावर पायघोळ काळा अबाया, डोळ्यांखाली थकवा. शब्बीरचे अर्ज ती पंधरा वर्षं वाचत आली होती. तिने कागद उलटसुलट करून पाहिला.

"अबू जुनैद," म्हणजे जुनैदचे वडील, अशी हाक मारून ती अरबीत म्हणाली, "या वेळी दुश्मन नाही?"

"नाही, मॅडम. या वेळी साक्षीदार आहे."

तिने परत वाचलं, या वेळी सावकाश. मग बाहेर बाकावर बसलेल्या दोन बायकांकडे काचेतून पाहिलं.

"गोष्ट चांगली आहे," ती म्हणाली. "पण माझ्याकडे चांगल्या गोष्टी रोज येतात. आणि काही पोरांना खरंच कोंडलेलं असतं. मी चुकले तर ते पोराला भोगावं लागतं." तिने घड्याळ पाहिलं. एक वाजून वीस मिनिटं झाली होती. "बालगृह मागेच आहे. चला. पण एक अट. आईने बोलायचं नाही. आईची हाक ऐकून कुठलंही पोर दार उघडेल."

शब्बीरने ते श्रावस्तीला मराठीत सांगितलं. तिने ओठ घट्ट मिटून होकार दिला.

बालगृहाचा व्हरांडा स्वच्छ होता, भिंतींवर मासे रंगवले होते. कुणी काही क्रूर वागत असेल असं तिथे काहीच दिसत नव्हतं. पावणेदोनला दोन मिनिटं कमी असताना लांबून एक बुटका मुलगा भिंतीला हात घासत आला. त्यांना चादरी-टॉवेल, लिनन ठेवायच्या खोलीत उभं केलं होतं, दार अर्धवट लोटून. श्रावस्तीने विश्वजीतचा दंड धरला होता. विनीत बाथरूममध्ये गेला. आतून कडी लागली.

ताहेराने शमाला खूण केली. कुणीतरी दाराजवळ खुर्ची ठेवली. शमा बसली. तिने ओढणीचं टोक तोंडाशी धरलं, सोडलं. शब्बीरच्या मनात आलं की आपण आपलं सगळं आयुष्य दुसऱ्यांसाठी बोलत घालवलं आणि आज हिच्यासाठी एक शब्दही बोलता येत नाही.

"काय रे," शमा शेवटी म्हणाली, रोज म्हणत असेल तशी. "जेवलास काय?"

आत काही हललं नाही. मग एक बादली सरकली.

"पाइप आंटी?"

"हो बाबा."

"यू केम!" आवाज दाराच्या अगदी जवळ आला आणि एकदम खाली उतरला. "आंटी, आय डिडन्ट टेल. दे आस्क्ड मी अँड आस्क्ड मी. आय डिडन्ट टेल एनीबडी."

ताहेराने शब्बीरकडे पाहिलं. इंग्रजी तिला कळत होतं, पण अर्थ लागत नव्हता. अर्थ फक्त एकाच माणसाला लागला. रोज सकाळी बुटाची लेस बांधताना श्रावस्ती पोराला बजावायची, बेटा, तू घरी एकटा असते, हे कोनालेच सांगायचं नाही. मिसले नाही, बसवाल्या अंकलले नाही, कोनी कितीबी विचारलं तरी नाही. प्रॉमिस? तो म्हणायचा, प्रॉमिस. त्याने ते पाळलं होतं. अनोळखी घरात, अनोळखी माणसांमध्ये, तेरा दिवस.

श्रावस्ती लिननच्या खोलीतून बाहेर आली. अट मोडल्याचं तिला कळलं असावं, कारण तिने ताहेराकडे एकदा पाहिलं. ताहेराने तिला अडवलं नाही. श्रावस्ती दारासमोर फरशीवर बसली आणि दाराला तळहात टेकवला.

"विनू, मम्मा हाय," ती म्हणाली. "सांग बेटा. आता सगळ्याईले सांग. मम्माचंच चुकलं होतं."

कडी निघाली. तो बाहेर आला आणि आईच्या कुशीत शिरून, श्वास न घेता बोलत सुटला. फ्रिज, खिडकी, बिस्किटं, ताप, दार तोडणारे काका. ताहेरा भिंतीला टेकून लिहून घेत होती. एक पान संपल्यावर तिने उलटलं आणि लिहिता लिहिताच शब्बीरला हळूच म्हणाली, "रविवारी घरी, इंशाल्ला. आईला सांग." विश्वजीतला ते सांगायला लागलं नाही. त्याने एवढं अरबी ओळखलं आणि तो तोंड फिरवून भिंतीवरच्या माशांकडे बघत उभा राहिला.

मध्येच विनीतने मान वळवून त्या उघड्या बाथरूमकडे पाहिलं. मग व्हरांड्यात उभ्या असलेल्या माणसांकडे, एकेकाकडे. खुर्चीवरच्या म्हाताऱ्या बाईवरून त्याची नजर तशीच पुढे गेली. पाइपात राहणारी बाई एवढी मोठी असेल, हे त्याच्या ध्यानीमनीही नव्हतं.

शब्बीर वाकून शमाच्या कानात म्हणाला, "बोल ना काहीतरी. ओळखील तो."

शमाने मान हलवली. तिने ओढणी तोंडावर घट्ट धरली होती. आपण एक शब्द जरी बोललो तरी तो आईच्या मांडीवरून उठेल, हे तिला ठाऊक होतं. म्हणून ती बोलली नाही.